मुलांस कादंबरी कशी शिकवावी?

(दसऱ्यापूर्वीं एका खेडेगांवच्या शाळेंत भरलेल्या पालकसभेंत तेथील शिक्षकांनीं केलेलें भाषण. आमच्या वाचकांस उपयोगी वाटल्यावरून येथें देत आहों.)

आजची सभा शाळेच्या गळक्या छपराविषयीं आहे असें समजून आपल्यापैकीं बरेच जण आले असतील. त्या विषयावर हेडमास्तर बोलतील. मला अध्यक्षांनीं अर्धा तास दिला आहे, तो मी सातवीच्या मुलांना कादंबरी कां व कशी शिकवितों हें सांगण्यासाठीं मागून घेतला आहे. मागून घेण्याचें कारण असें. गेल्या श्रावणांत पारावर एक वडीलधारे गृहस्थ मला म्हणाले, "गुरुजी, पोरांना कादंबऱ्या कशापायीं वाचाया लावतां? रिकामटेकड्यांचं काम तें. त्यापरीस अर्ज लिवाया शिकवा, हिशेब शिकवा." ते गृहस्थ समोर बसले आहेत. मला त्यांचा राग आला नाहीं. असा तोंडावर विचारणारा पालक शाळेला हवाच असतो. त्या दिवशीं घाईंत मीं त्यांना नीट उत्तर दिलें नाहीं, तें आज देतों.

कादंबरी म्हणजे भरल्या पोटीं लोळत वाचावयाची चीज, ही समजूत जुनी आहे, व तिला कारणहि आहे. मराठींत आरंभीं ज्या कादंबऱ्या निघाल्या त्यांपैकीं पुष्कळांत राजपुत्र, राजकन्या, जादूचीं वनें हेंच नांदत होतें. तेथें नांगर नव्हता, मोट नव्हती, सावकाराची वही नव्हती. परंतु त्याच काळीं 'दीनबंधु' पत्र काढणारे कृष्णराव भालेकर यांनीं १८७७ च्या दुष्काळावर 'बळीबा पाटील' ही कादंबरी लिहिली, व ती १८८८ सालीं पत्रांतून लोकांपुढें आली. म्हणजे शेतकऱ्याचें दुःख कादंबरींत आणण्याचें काम शेतकऱ्यांच्या पत्रानें केव्हांच सुरू केलें होतें. तेव्हां कादंबरी ही रिकामटेकड्यांची मिरास आहे हें आपण कबूल करण्याचें कारण नाहीं.

आतां 'शिकविणें' म्हणजे काय? वाचून दाखविली कीं झालें, असें कोणी म्हणेल. तसें नव्हे. तुम्ही बाजारांत बैल घ्यावयास जातां. विकणारा सांगतो, "पाटील, बैल नव्हे, वाघ आहे." तुम्ही त्याच्या बोलण्यावर पैसे मोजतां काय? दांत पाहतां, खूर पाहतां, चालवून पाहतां, शक्य झालें तर औताला धरून पाहतां. एखादा मनुष्य भोंवराच पाहून बैल घेतो व वर्षभर कपाळाला हात लावून बसतो, त्याची गोष्ट सोडा. पारख करणारा मनुष्य बैलाचें एकेक अंग निराळें करून पाहतो, व मग साऱ्याचा मेळ घालून ठरवितो. कादंबरीचें तसेंच आहे. तिचीं अंगें निराळीं करून पाहावयाचीं, व प्रत्येक मताला 'कशावरून?' असें विचारावयाचें. ही विद्या तुमच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. ती पुस्तकावर चालविण्याची संवय मात्र आपल्याला नाहीं.

माझी चूकहि आपल्यापुढें मांडतों. मी ट्रेनिंग कॉलेजांतून नवा बाहेर पडलों तेव्हां फळ्यावर 'सारांश' व 'तात्पर्य' लिहून देत असें. मुलें तें उतरून घेत, पाठ करीत व परीक्षेंत ओकीत. गुण चांगले पडत. एकदां तपासणीस आलेल्या साहेबांनीं एका मुलाला विचारलें, "या गोष्टींत तुला काय आवडलें?" त्यानें माझें तात्पर्य घडाघडा म्हणून दाखविलें. दुसऱ्याला विचारलें, त्यानेंहि तेंच, त्याच शब्दांत. तिसऱ्याला साहेबांनीं विचारलेंच नाहीं. ते नुसते माझ्याकडे पाहून हंसले व पुढच्या वर्गांत गेले. त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. तीस मुलें, व तीसांच्या तोंडीं एकाच माणसाचें मत! असल्या शाळेंत व पोपटाच्या पिंजऱ्यांत फरक तो काय? ज्या पोरांनीं उद्यां दहा ठिकाणीं दहा तऱ्हेच्या माणसांना तोंड द्यावयाचें, त्यांना मीं दुसऱ्याचें बोलणें आपलें म्हणून बोलावयास शिकविलें होतें.

तेव्हांपासून मीं सारांश देणें बंद केलें. त्याच्या ऐवजीं जें करतों तें सांगतों.

पुस्तक निवडलें तें व्यंकटेश माडगूळकर यांचें 'बनगरवाडी'. तें १९५५ सालीं निघालें. त्यावर पुढें १९९५ सालीं चित्रपटहि झाला. पुस्तक लहान आहे, महिन्याभरांत वाचून होतें. माडगूळकर आटपाडीकडच्या माडगुळ्याचे. तो मुलूख त्या वेळीं औंध संस्थानांत होता. ते स्वतः कोवळ्या वयांत कांहीं दिवस खेड्यांत मास्तर होते. कादंबरींतहि एक तरणा मास्तर, राजाराम सौंदणीकर, धनगरांच्या एका वाडीवर बंद पडलेली शाळा चालविण्यास येतो. पोरें मेंढरांमागें असतात, शाळेंत कोणी येत नाहीं. मास्तर घरोघर हिंडतो, लोकांचे अर्ज लिहितो, भांडणें मिटवितो, हळूहळू गांवचा होतो. सारा गांव राबून एक तालीम बांधतो, तिच्या उद्‌घाटनास राजेसाहेब येतात. मग पाऊस दगा देतो. मेंढरें मरतात, लोक बिऱ्हाडें उचलून जगावयास बाहेर पडतात, आणि शेवटीं मास्तरहि वाडी सोडतो. एवढीच गोष्ट. तींत राजपुत्र नाहीं, चोर-शिपायांची धांवपळ नाहीं. आपल्या पोरांना तींतला एकेक दगड ओळखीचा वाटतो, म्हणून ती घेतली.

पहिला महिना नुसतें वाचन. रोज शेवटच्या तासाला वीस मिनिटें मी मोठ्यानें वाचतों, मुलें ऐकतात. प्रश्न नाहींत, कठीण शब्दांचे अर्थ लिहून घेणें नाहीं. शब्द अडलाच तर बोलतां बोलतां सांगून पुढें जातों. ताटांत वाढलेलें सारें जेवण पाहिल्यावांचून पहिल्या घांसालाच 'मीठ किती?' म्हणून विचारलें तर जेवणाराची भूक मरते. गोष्ट आधीं पोटांत गेली पाहिजे.

दुसऱ्या महिन्यांत पारख. फळ्याच्या कडेला चार प्रश्न मी लिहून ठेवतों, ते पुसावयाचे नाहींत. सांगतो कोण? हें कोठें व केव्हां घडतें? कोणाचें काय अडलें आहे? आरंभापासून शेवटापर्यंत काय बदललें? आणि चारी प्रश्नांच्या खालीं मोठ्या अक्षरांत एक नियम : पान दाखव. कोणीहि कांहींहि म्हणावें, मास्तरांच्या विरुद्धहि म्हणावें, पण पुस्तकांतलें पान दाखवावें. ज्याला पान दाखवितां येत नाहीं त्यानें 'हें माझें वाटणें' असें म्हणून खालीं बसावें. वाटणें हा गुन्हा नव्हे, पण वाटणें निराळें व लिहिलेलें निराळें, हें कळलें पाहिजे. शेताचा बांध जसा दोन्ही शेतांच्या मधें असतो, तसा या दोहोंच्या मधें बांध घालावा लागतो.

जागेचा प्रश्न सर्वांत सोपा, म्हणून तेथून आरंभ करतों. मुलें वाडीचा नकाशा काढतात. शाळा कोठें, घरें कोठें, तालीम कोठें, रान कोणीकडे. दोन मुलांचे नकाशे जुळत नाहींत, मग वाद होतो, मग पुस्तक उघडतें. वीस मिनिटांच्या वाचनांत जी ओळ कानाआड गेली होती ती या वादांत सांपडते. पुस्तक पुन्हां उघडण्याची गरज मुलाला स्वतःला वाटली, कीं गुरुजींचें निम्में काम झालें.

नंतर माणसें. वाडीचा कारभारी घ्या. मुलें प्रथम म्हणतात, "कारभारी चांगला आहे." मी म्हणतों, "पान दाखवा." मास्तराचा तो आधार होतो तीं पानें कोणी दाखवितो. तोंच दुसरा उठतो व म्हणतो, "मग अंजीच्या चोळीच्या वेळीं?" अंजी ही कारभाऱ्याची लेक. तिच्यासाठीं मास्तर गांवाहून चोळी आणतो, व तेवढ्या निमित्तानें कारभाऱ्याच्या मनांत किल्मिष शिरतें. तेव्हां मुलांनीं वहींत तीन रकाने काढावे : हा मनुष्य काय बोलला, यानें काय केलें, इतर लोक त्याच्याविषयीं काय म्हणाले. रकाने भरल्यावर मुलांना दिसतें कीं, कारभाऱ्याला गांवाची चाड आहे, शब्दाला तो वजन देतो, आणि त्याच्याच कानांत कोणी विष ओतलें तर तो फसतोहि. 'चांगला कीं वाईट' हा प्रश्नच अपुरा होता, हें मुलांनीं आपलें आपण काढलें. आपल्या भावकींत, पंचांत, पुढाऱ्यांत हीच दृष्टि ठेवली तर आपलीं निम्मीं भांडणें कमी होतील, असें मला वाटतें. हें माझें वाटणें, पान दाखवितां येणार नाहीं.

एका गोष्टीकडे मी मुलांचें लक्ष मुद्दाम वेधतों. या कादंबरींत एका धनगराजवळ औताला पुरे बैल नसतात, तेव्हां त्याची बायको बैलाच्या जोडीला स्वतः खांदा देते. तो भाग वाचतांना पहिल्यानें दोन-तीन मुलें हंसलीं. मग वर्ग आपोआप गप्प झाला. मी विचारलें, "लेखकानें येथें 'हाय हाय, केवढें हें दारिद्र्य' असें कोठें लिहिलें आहे काय?" मुलांनीं शोधलें. तसें भाषण तेथें नाहीं. "मग तुम्हांला वाईट कां वाटलें?" एक मुलगा म्हणाला, "गुरुजी, त्यानं सांगितलं न्हाई, दाखवलं." याहून चांगलें उत्तर मला ट्रेनिंग कॉलेजांतहि कोणी दिलें नव्हतें. जो लिहिणारा सारखा 'रडा, आतां रडा' म्हणून सांगतो त्याच्यापासून सावध राहावें, हें त्या दिवशीं वर्गाला कळलें. मतें मागावयास येणाऱ्यांच्या भाषणांनाहि ही कसोटी लावून पाहा.

आतां घटनांची साखळी. मी कागदाच्या चिठ्ठ्या करतों. एकेका चिठ्ठीवर एकेक घटना : मास्तर वाडीवर येतो, पोरें मेंढरांमागें असतात, मास्तर लोकांचीं कामें करून देतो, लोकांचा विश्वास बसतो, तालीम बांधावयाची ठरते, राजेसाहेब येतात, पाऊस पडत नाहीं, लोक गांव सोडतात. मुलांनीं त्या ओळीनें लावावयाच्या व दोन चिठ्ठ्यांच्या मधें 'मग' किंवा 'म्हणून' यांपैकीं एक शब्द ठेवावयाचा. 'मग' म्हणजे नुसतें एकामागून एक घडलें. 'म्हणून' म्हणजे पहिल्यामुळें दुसरें घडलें. लोकांचा विश्वास बसला, म्हणून लोक तालमीसाठीं राबले. येथें 'म्हणून' शोभतो. पण तालीम बांधली आणि पाऊस पडला नाहीं, येथें काय ठेवाल? एका मुलानें 'म्हणून' ठेवला. त्याची आजी म्हणाली होती कीं, कांहीं तरी देवाचें राहिलें असेल. वर्ग हंसला, पण मी हंसूं दिलें नाहीं. मी म्हटलें, "पान दाखव." त्यानें दोन दिवस पुस्तक चाळलें व तिसऱ्या दिवशीं स्वतःच्या हातानें तो शब्द काढून 'मग' ठेवला.

बंधूंनो, मांजर आडवें गेलें, मग गाडी उलटली. पोर आजारी पडलें, मग शेजारीण दारावरून गेली होती असें आठवलें. या 'मग' चा 'म्हणून' करून किती म्हाताऱ्या बायांना आपण चेटकिणी ठरविलें, किती कोंबडीं-बकरीं कापलीं, भगताच्या पदरांत किती पैसा टाकला, याचा हिशेब कोणी मांडील काय? बारा वर्षांच्या पोराला 'मग' व 'म्हणून' यांतला फरक एकदां हाडांत मुरला, तर पुढें अंगारा-धुपाऱ्यावर मला निराळें व्याख्यान देण्याची गरज नाहीं.

ज्या गृहस्थांनीं अर्जाविषयीं विचारलें त्यांना येथें उत्तर मिळालेंच असेल. अर्ज म्हणजे तरी काय? कोण सांगतो, कोठें व केव्हां घडलें, काय अडलें, आणि त्याला पुरावा काय. तेच चार खांब. ज्या मुलाला हे खांब दुसऱ्याच्या गोष्टींत दिसूं लागले त्याला आपल्या गोष्टींत ते रोवतां येतात. आणि हिशेबाचें म्हणाल तर मुकादमाची उचल किती, फिटली किती, बाकी कशावरून काढली, हें विचारतांना 'पान दाखवा' या दोन शब्दांवांचून दुसरें कोणतें गणित लागतें?

आतां पहिल्या प्रश्नाकडे वळतों. सांगतो कोण? हा प्रश्न मुलांना सर्वांत सोपा वाटतो. "मास्तर सांगतो." झालें उत्तर. मलाहि तो बरीच वर्षें सोपाच वाटत होता. तो किती खोल आहे हें मला एका मुलीनें शिकविलें. तिचें नांव मी सांगत नाहीं. कोणी ओळखलें असेल तर त्यानेंहि सांगूं नये.

आपल्या गांवाची रीत आपण जाणतां. दसरा-दिवाळी झाली कीं कोयते निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. ट्रक भरतात, गाड्या निघतात, आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत निम्मा गांव बाहेर. माझ्या वर्गाचीहि तीच गत होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर हजेरी घेतांना मी नांवें वाचीत जातों व एकेका नांवाला उत्तर येत नाहीं. गेल्या वर्षीं सातवींतली ती मुलगी निघण्याच्या आदल्या सांजेला माझ्या घरीं आली व म्हणाली, "गुरुजी, शेवटचा प्रश्न राहिला. पुस्तक न्हेऊं का?"

शाळेंत त्या पुस्तकाच्या दोनच प्रती. एक शाळेची, एक माझी. दुसरे दिवशीं वर्गांत कुरकूर झाली कीं, फडावर पुस्तक फाटेल, पाचटाबरोबर जळेल. मीं माझी प्रत दिली होती. खरें सांगतों, ती परत येईल असें मलाहि वाटलें नव्हतें.

चैत्रांत ती परत आली. पुस्तकाला वर्तमानपत्राचें वेष्टण होतें, कडा काजळल्या होत्या, पण पान एकहि गेलेलें नव्हतें. आंत वहीचे दोन कागद घडी करून ठेवलेले. शेवटचा प्रश्न मीं असा घातला होता : 'वाडी रिकामी होते, मास्तर जातो. मास्तराची मेहनत फुकट गेली काय? दोन्ही बाजूंनीं लिहा व पानें दाखवा.' मागें राहिलेल्या मुलांनीं चांगलीं उत्तरें लिहिलीं होतीं. कोणी म्हणालें, तालीम ओस पडली म्हणजे फुकटच गेली. कोणी म्हणालें, माणसें एकत्र राबलीं ती संवय कोठें जाते? दोन्हीकडे पुरावा होता, दोन्हीकडे गुण दिले.

तिनें मात्र प्रश्नच फिरविला होता. तिच्या लिहिण्याचा आशय असा. वाडी रिकामी झाली असें मास्तर सांगतो. पण माणसें कांहीं सारीं मेलीं नाहींत, तीं दुसरीकडे गेलीं. तेथें तीं कोठें निजलीं, त्यांनीं काय खाल्लें, त्यांच्या पोरांनीं काय केलें, तें पान पुस्तकांत नाहीं. कारण सांगणारा मास्तर आहे, व मास्तर त्यांच्याबरोबर गेला नाहीं. म्हणून त्याच्या लेखीं वाडी संपली. जाणाऱ्यांची संपली नव्हती. आणि शेवटीं लिहिलें होतें, मी गेलें होतें, तें पान मी लिहितें.

खालीं दीड पान होतें. उसाच्या वाढ्यांनीं शाकारलेली कोपी. रात्रीं गाडी भरावयास आई-बाप उठून गेल्यावर धाकट्या भावाला उराशीं धरून जागणें. थंडींत चूल न पेटणें. फडावर गाडीच्या सावलींत बांधलेली झोळी, एका हातानें झोका व दुसऱ्या हातांत पुस्तक. आणि जवळच्या गांवांतल्या शाळेची घंटा, जी रोज ऐकूं येई. 'हाय हाय' असा शब्द त्यांत एकहि नव्हता. तिनें सांगितलें नव्हतें, दाखविलें होतें.

बंधुभगिनींनो, मी खुर्चीवर बसून तो कागद तीनदां वाचला. 'पान दाखव' हा नियम माझा. त्या पोरीनें मला नसलेलें पान दाखविलें. मी स्वतः मास्तर, म्हणून इतकीं वर्षें मी ती कादंबरी मास्तराच्या खांद्यावरून वाचीत आलों. वाडी रिकामी झाली हें वाचून मला मास्तराविषयीं वाईट वाटे. दरवर्षीं माझ्याच वर्गांतून निम्मीं मुलें उठून जात होतीं, आणि मी हजेरीपुस्तकावर गैरहजेरीच्या फुल्या मारून मोकळा होत होतों. तीं कोठें निजतात हें मींहि कधीं विचारलें नव्हतें.

यांत माडगूळकरांचा दोष नाहीं. सांगणारा एक असला कीं त्याला दिसेल तेवढेंच तो सांगणार, आणि त्यांनीं तें इमानानें सांगितलें, म्हणून तर त्या मुलीला पुढचें सुचलें. एकच पुस्तक वाचून थांबूं नये, याचें कारण हेंच. अण्णा भाऊ साठे यांची १९५९ सालीं निघालेली 'फकिरा' ही कादंबरी मी मोठ्या मुलांना यानंतर देतों. अण्णा भाऊ शाळेंत जवळजवळ गेलेच नाहींत. त्यांच्या पुस्तकांतहि दुष्काळ आहे, पण तेथें लोक उपाशी मरूं नयेत म्हणून फकिरा धान्य लुटतो. एकीकडे माणसें मुकाट्यानें निघून जातात, दुसरीकडे उठतात. दोन्ही पुस्तकें शेजारीं ठेवून 'सांगतो कोण?' हा प्रश्न घातला कीं, मुलें तासभर भांडतात. भांडूं द्यावें.

आतां माझें मागणें. तीन गोष्टी मागतों.

पहिली अगदीं हलकी. ज्यांना अक्षर येत नाहीं त्यांनाहि हें करतां येईल. रात्रीं भाकरी खातांना पोराला विचारा, "आज गोष्टींत काय झालं? कां झालं? तुला कशावरून वाटलं?" तिसरा प्रश्न विसरूं नका. पोर चाचरलें तर रागावूं नका, उद्यां पुस्तक पाहून ये म्हणा. वाचतां न येणाऱ्या आईनें हा प्रश्न विचारला तर पोराला ती आई अडाणी वाटणार नाहीं.

दुसरी जड आहे. येत्या पंधरवड्यांत मुकादम उचल वांटतील. पोरांना बरोबर नेऊं नका. पोट कोणाला सुटलें आहे? तुम्ही जाऊं नका असें मी म्हणत नाहीं. पण आजी घरीं असेल तर पोरें तिच्यापाशीं ठेवा. हंगामी वसतिगृहाची सोय झाली तर तेथें ठेवा, आणि ती व्हावी म्हणून अर्ज करावयाचा तर तो मी व सातवीचीं मुलें मिळून लिहितों, आपण सह्या व आंगठे द्या. आजी नसेल, वसतिगृह नसेल, तर चार घरांचीं पोरें एका घरीं राहतील असें भावकींत बोलून ठरवा. सांजेला आठ वाजेपर्यंत मी शाळेंत दिवा लावून बसेन, हा माझा शब्द. आणि नाइलाजानें न्यावेंच लागलें, तर फडाजवळच्या गांवच्या शाळेंत पहिल्याच आठवड्यांत नांव घाला. घंटा नुसती ऐकूं येऊन काय उपयोग? जातांना मजकडून एक पुस्तक घेऊन जा. काजळलें तरी चालेल.

तिसरी गोष्ट मुलींविषयीं. ती मुलगी यंदा बाजारगांवच्या शाळेंत आठवींत आहे. रोज तीन कोस जाणें-येणें. दिवाळीनंतर ती जाणार कीं राहणार हें तिच्या घरीं अजून ठरलेलें नाहीं. धाकट्याला कोण सांभाळील, हा त्यांचा प्रश्न खरा आहे. त्याला माझ्यापाशीं तयार उत्तर नाहीं, तें आपण सर्वांनीं मिळून काढावयाचें आहे. एवढेंच सांगतों कीं, झोळीला झोका द्यावयास दुसरा हात शोधतां येईल. नसलेलें पान पाहणारा डोळा शोधून सांपडत नाहीं.

या वर्षीं 'बनगरवाडी' वाचून संपल्यावर तें दीड पान मीं वर्गांत वाचलें. लिहिणाराचें नांव सांगितलें नाहीं. वाचून झाल्यावर एक मुलगा नियमाप्रमाणें म्हणाला, "गुरुजी, हें कशावरून? पान दाखवा." मी कांहीं बोलण्याच्या आंत मागल्या बांकांवरचे पांच हात वर झाले. तीं पांचहि मुलें कोपींत निजून आलेलीं होतीं.

इतकें बोलून मी आपली रजा घेतों.